फोनताई आणि जमिनीवरची परीक्षा

फोनताई एकदा का कुणाच्या घरात शिरल्या की त्यांना बाहेर काढायला दोन तास लागतात, असं कंपनीतले लोक म्हणायचे, आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. एक फोन बसवायला कंपनीने पाऊण तास ठरवून दिलेला. पाऊण तासात तर फोनताईंचं घर बघूनसुद्धा व्हायचं नाही. विजेचा बोर्ड कुठे आहे, जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे की एकाच, आजोबा झोपेतून उठताना उजवा पाय आधी टाकतात की डावा, बाथरूमची कडी नीट सरकते की अडकते, असं सगळं विचारून झाल्याखेरीज पिशवीतला स्क्रूड्रायव्हर बाहेर यायचा नाही. त्यांचे साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. "अहो ताई, तुम्ही फोन बसवायला जाता की सोयरीक जमवायला?"

"साहेब, सोयरीक मोडली तर दुसरी जमते," फोनताई म्हणायच्या. "हा फोन आयुष्यात एखाद्याच वेळी लागतो, आणि त्या वेळी तो लागावाच लागतो."

कारण त्या बसवायच्या ते फोन साधे नव्हते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी, दवाखान्यांत, लिफ्टमध्ये असतात ते संकटकाळचे फोन, इंटरनेटवर चालणारे. एक मोठं लाल बटण, एक स्पीकर, आणि दोरीत ओवून गळ्यात घालायचं एक छोटं बटण. कुठलंही दाबलं की चोवीस तास जाग्या असलेल्या मदतकेंद्रात घंटा वाजते, तिथलं माणूस "काय झालं?" विचारतं आणि रुग्णवाहिका नाहीतर अग्निशमनवाले धाडतं. सांगायला किती सोपं! फोनताईंना विचारा, मग कळेल किती सोपं ते.

त्या ह्या धंद्यात पस्तीस वर्षं होत्या. बाविसाव्या वर्षी लागल्या तेव्हा टेलिफोन म्हणजे तार आणि तार म्हणजे खांब, आणि त्या खांबांवर चढणारी कंपनीतली ही पहिली बाई. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून बघायचीय ना? मग मान वर करा." नवरा शिंपी. त्याने बायकोला आठ खिशांची विजार शिवून दिली. अजूनही तीच बेतणी चालू आहे. कंबरेचं माप तेवढं दर पाच वर्षांनी पुढे सरकतं, आणि त्या विषयावर घरात बोलायला बंदी आहे.

मग एक दिवस कंपनीने तारा गुंडाळल्या. सगळे फोन इंटरनेटवर जाणार, जुन्या फिटरांनी शिकावं नाहीतर घरी बसावं, असा हुकूम निघाला. फोनताई तेव्हा एकोणपन्नाशीच्या. त्यांच्या बरोबरीच्या पाच जणांपैकी चौघांनी माना हलवत घर गाठलं. ह्या मात्र तीन आठवडे पहिल्या बाकावर बसल्या. शिकवणारा त्यांच्या लेकाच्या वयाचा. तो फळ्यावर चौकोन काढायचा, चौकोनातून बाण काढायचा, आणि फोनताई दर बाणाला हात वर करायच्या. "पण लाइट गेले तर?" शेवटी त्याने तो प्रश्न फळ्यावरच लिहून ठेवला, म्हणजे विचारायचे कष्ट नकोत.

एवढं सगळं शिकून फोनताईंनी त्यातून दोन गोष्टी उचलल्या आणि पुढे प्रत्येक घरात त्या तोंडपाठ ऐकवल्या. पहिली गोष्ट, जुना फोन तारेतूनच आपल्यापुरती वीज घ्यायचा. घरात मिट्ट काळोख झाला तरी तो जिवंत. नवा फोन घरच्या विजेवर जगतो. लाइट गेले, राउटर झोपला, की फोनने मान टाकलीच. म्हणून दोघांनाही बॅटरी लावायची, आणि ती दर महिन्याला तपासायची. दुसरी गोष्ट, जुन्या फोनला आपलं घर ठाऊक असायचं, कारण तार त्याच घरात जायची. नवा फोन उचलून कुठेही न्या, नंबर तोच राहतो, आणि गंमत म्हणजे मदत मात्र जाते फॉर्मवर लिहिलेल्या पत्त्यावर. घर बदललंत तर आधी पत्ता बदला, मग पडदे लावा.

ह्याला त्या दाखला द्यायच्या तो दातांच्या डॉक्टरांचा. डॉक्टरांनी दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे हलवला, फोन बगलेत मारून नेला, आणि पत्त्याचं काही सांगितलंच नाही. एका दुपारी त्यांच्या कुठल्याशा यंत्रातून धूर निघाला. डॉक्टरांनी लाल बटण दाबलं. सात मिनिटांत अग्निशमनवाले शिडी, पाइप, हेल्मेट अशा जामानिम्यासह जुन्या जागेत घुसले. तिथे आता केशकर्तनालय होतं. तोंडाला फेस लावून बसलेलं एक गिऱ्हाईक तसंच उठून रस्त्यावर पळालं म्हणे. इकडे डॉक्टरांनी बादलीभर पाण्यात काम भागवलं. नशीब, धूरच होता.

आणि मग ती जमिनीवरची परीक्षा. तिच्यामागे फोनताईंची स्वतःची फजिती होती. नवं काम लागून वर्ष झालं असेल. एका रिकाम्या घरात त्या फोन बसवत होत्या; घरमालक भाजी आणायला गेलेले. भिंतीवर छातीच्या उंचीला, एकदम ओळंब्यात, देखणा फोन लावला, आणि वरची वायर ठोकायला चढल्या होत्या त्या स्टुलावरूनच तो नीट न्याहाळायला म्हणून मागे पाय टाकला तो थेट हवेत. घोटा असा मुरगळला की उठता येईना. मोबाईल टेबलावर पिशवीत. आणि समोर भिंतीवर, हात कितीही ताणला तरी वीतभर वरच, आपणच लावलेला फोन! घरमालक परत येईपर्यंत चाळीस मिनिटं त्या खालून त्याच्याकडे बघत राहिल्या. जेवढा संताप आयुष्यात कुणाचा आला नव्हता तेवढा त्या देखण्या फोनचा आला.

तेव्हापासून फोनताईंचा फोन जमिनीपासून हातभर उंचीवर बसतो. दिसायला वाईट दिसतो, हे त्या स्वतःच सांगतात. आणि फोन बसला की घरातल्या माणसाला जमिनीवर आडवं व्हायला लावायचं, तिथून बटण दाबायला लावायचं, केंद्राशी बोलायला लावायचं, आणि ते पुरतं जमलं तरच 'चाचणी यशस्वी' ह्या ओळीखाली सही करायची. अशा चाचणीचा फोन ऐनवेळच्या लाइनवर लावायचा नसतो, कारण तिथे खरोखरीचं कुणीतरी पडलेलं असतं. केंद्राकडे आधी वेळ मागून घ्यायची, मग तिथली मुलगी चाचणीच्या लाइनवर बसते आणि अगदी खऱ्यासारखं विचारते. कर्नल म्हणून ओळखले जाणारे एक भारदस्त गृहस्थ आडवं व्हायला तयार नव्हते, तर फोनताई त्यांच्यासमोर स्वतः आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "या, गार आहे, बरं वाटतं." आले बिचारे.

आता बाईंची गोष्ट.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चौथ्या मजल्यावर एकट्या. शाळा त्यांच्या खिडकीतून दिसायची आणि सुटण्याची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तर बाई अजूनही शाळेत फोन करून विचारायच्या. नवे मुख्याध्यापक फोन उचलताना उभे राहतात असं शिपाई सांगायचा.

महिन्यापूर्वी बाई स्वयंपाकघरात पडल्या. सकाळी दहाला पडल्या त्या दुपारी तीनपर्यंत तशाच. शेजारीण साखरेची वाटी परत करायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं एवढंच. लेकीला बाईंनी काही कळवलं नाही. तीन आठवड्यांनी शेजारणीनेच सांगितलं. त्या पाच तासांत मोबाईल कुठे होता, ह्याचं उत्तर बाईंनी कुणालाच धड दिलं नाही. "असेल कुठेतरी," म्हणायच्या.

लेक आठ तासांच्या अंतरावर राहायची. तिचा धीर सुटला. तिने आपल्या घरातली एक खोली रंगवून घेतली, सामान न्यायला सोमवारचा टेम्पो ठरवला आणि आईला सांगितलं की आता बस झालं, माझ्याकडे चल. बाईंनी नाही म्हटलं. चाळीस वर्षांचं घर, ती खिडकी, खालच्या वाचनालयातल्या चार मैत्रिणी. हे सोडलं तर आपण महिनाभरही टिकणार नाही, असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. बरीच वादावादी झाली. शेवटी लेकीने एक अट घातली. संकटकाळचा फोन बसव. बसवणाऱ्या माणसाने 'चाचणी यशस्वी' लिहून सही दिली तर टेम्पो रद्द. नाही दिली तर सोमवारी मुकाट्याने चल.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. परीक्षा म्हटल्यावर त्यांना हुरूपच आला.

गुरुवारी फोनताई पोचल्या तर बाई वही-पेन घेऊन तयार. फोनताईंनी घर बघितलं, बाईंनी त्या काय काय बघतात ते लिहून घेतलं. राउटरला आणि फोनला बॅटरी लागली. मग फोनताईंनी मुख्य खटका पाडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, आणि फोनवरचा हिरवा ठिपका मात्र तसाच. "आठ तास," फोनताई म्हणाल्या. "आठ तास," बाईंनी लिहिलं आणि खाली रेघ मारली. पत्त्यातही खोट निघाली. फॉर्मवर मोठ्या रस्त्यावरचा दरवाजा, आणि लिफ्ट मागच्या गल्लीतून. रुग्णवाहिका पुढे येऊन दुकानांच्या शटरांकडे बघत बसली असती. फोनताईंनी केंद्राला फोन करून 'मागच्या गल्लीतलं निळं दार' असं लिहायला लावलं आणि तिकडून वाचून घेतलं.

"आणि बाई, बटण चुकून दाबलं गेलं तर घाबरून फोन बंद नाही करायचा हं. त्यांना वाटेल माणूस बेशुद्ध झालं, गाडी निघेल. शांतपणे सांगायचं, 'माफ करा, चुकून लागला.'"

बाईंनी तेही लिहिलं. अक्षर काय सुरेख!

"आता झोपा."

"उशी घेऊ?"

"पडताना कुणी उशी घेऊन पडतं का, बाई?"

बाई हसल्या, ओट्याला धरून बसल्या, मग नीट आडव्या झाल्या. केस सारखे केले. गळ्यातलं बटण दाबलं. तीन सेकंदांत स्पीकरमधून आवाज आला. "मदतकेंद्र. काय झालं?"

आणि बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "माफ करा हं, चुकून लागला."

फोनताईंना हसू आवरेना. केंद्रावरची मुलगीही हसली. बाईही हसल्या. चला, पुन्हा.

"मदतकेंद्र. काय झालं?"

"काही विशेष नाही. तुमची सवड झाली की कुणाला तरी पाठवा. घाई नाही."

"बाई!"

तिसऱ्या वेळी बाईंनी खोकून घसा साफ केला. "नमस्कार. मी बरी आहे. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल तर त्यांचं आधी बघून घ्या."

आता मात्र कुणीच हसलं नाही. केंद्रावरची मुलगी म्हणाली, "ताई, अशा फोनला आम्ही गाडी पाठवत नाही. 'मी बरी आहे' म्हटलं की आमच्याकडे नोंद बंद होते."

ह्याला म्हणतात ताकाला जाऊन भांडं लपवणं! फोनताई खाली बाईंशेजारी मांडी घालून बसल्या. "बाई, एकच वाक्य आहे. 'मी पडलेय, मला मदत पाहिजे.' म्हणा."

"मी पडलेय, मला मदत पाहिजे," बाईंनी लगेच म्हणून दाखवलं, कवितेची ओळ म्हणावी तसं.

"हां! आता बटण दाबून म्हणा."

बटण दाबलं, आवाज आला, आणि बाई म्हणाल्या, "मी... अं... तुमचं जेवण झालं का?"

फोनताईंनी सही केली नाही. बाईंचा पारा चढला. उभं राहायला फोनताईंनी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला आणि ओट्याला धरून स्वतःच उठल्या. "फोन उत्तम चालतोय. तूच म्हणालीस. आणि एका वाक्यासाठी मला नापास करतेस?"

"हो बाई."

"मी सदतीस वर्षांत एकदाही कुणाला एका मार्काने नापास केलं नाही."

"मी करते," फोनताई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या. बोलायला बोलल्या, पण लिफ्ट विसरून चारही मजले जिन्यानेच उतरल्या. बाई त्यांना मनापासून आवडल्या होत्या. सही नाही दिली तर ह्या बाईचं घर जाणार, आणि सही दिली तर उद्या ही पडल्यावर गोड आवाजात 'चुकून लागला' म्हणणार आणि तशीच पडून राहणार. इकडे आड, तिकडे विहीर. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, लाइन चालू आहे? बॅटरी आहे? मग तुमचं काम झालं. माणूस काय बोलतो ते फिटरचं काम नाही." हे ऐकून फोनताईंना उलट बरंच वाटलं, कारण साहेबांचं नेमकं काय चुकतं ते शोधताना त्यांना आपलं चुकलेलं सापडलं. मदत नको असेल तेव्हा काय म्हणायचं, हे त्या इतकी वर्षं घरोघर शिकवत होत्या. मदत हवी असेल तेव्हा काय म्हणायचं, हे बाईंच्या आधी कुणालाच कधी शिकवलं नव्हतं. ते काय, सगळ्यांना येतंच की, असं धरून चालल्या होत्या.

शनिवारी सुट्टी टाकून त्या परत गेल्या. बाईंनी दार उघडलं, चहा ठेवला, बोलल्या मात्र मोजकं. फोनताईंनी विषयाला हात घातला.

"बाई, त्या दिवशी पडलात तेव्हा हाक मारली होती का कुणाला?"

"नाही."

"शेजारीण घरी नव्हती?"

"होती. तिच्या पोळपाटाचा आवाज येत होता मला." बाई कपाकडे बघत होत्या. "केस मोकळे होते माझे. आणि तिला उगाच धावपळ. आपण आपलं उठू, थोड्या वेळाने, असं वाटत होतं. मग तो थोडा वेळ लांबत गेला. अगं, आयुष्यभर लोक मला विचारायला आले. बाई, हे कसं करू, बाई, ते कसं करू. मी कुणाकडे काही मागायचं म्हटलं की माझी जीभच वळत नाही. लाज वाटते. आता हस."

फोनताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घोटा मुरगळला होता तेव्हा मीसुद्धा चाळीस मिनिटांत एकदाही ओरडले नव्हते, बाई. खिडकी उघडी होती. खाली माणसं होती. पण फिटरच पडली म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितलेली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही. फोनचा राग आला होता हे सांगायच्या. आपण गप्प बसलो होतो हे गिळून टाकायच्या. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. मग दोघी एकदम खो खो हसत सुटल्या. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"उद्या लेक येतेय अकराला," बाई म्हणाल्या. "तूही ये. पास होईन असं वचन देत नाही."

रविवारी सकाळी लेक आली तीच मोठी बॅग आणि चिकटपट्टीची चार बंडलं घेऊन. स्वभाव आईचाच, खोलीभर नजर फिरवून कुठल्या खोक्यात काय जाईल ते मनात ठरवूनही टाकलं तिने. फोनताईंना नमस्कार केला आणि स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. "मी मध्ये बोलणार नाही. काय ते होऊन जाऊ दे."

फोनताईंनी केंद्राकडून वेळ घेतली. बाई बसल्या, आडव्या झाल्या. आज त्यांनी केस सारखे केले नाहीत. बटण दाबलं.

"मदतकेंद्र. काय झालं?"

बाई छताकडे बघत राहिल्या. नळ ठिबकत होता तो ऐकू येत होता. फोनताईंनी दोन्ही मुठी विजारीच्या खिशांत कोंबल्या. परीक्षा घेणाऱ्याने ओठसुद्धा हलवायचे नसतात, आणि त्यांच्या तर जिभेच्या टोकावर ते वाक्य येऊन नाचत होतं. म्हणा हो बाई, म्हणून टाका!

"मदतकेंद्र. ऐकू येतंय का? तुम्ही ठीक आहात का?"

ठीक आहात का, म्हणे. फोनताईंनी डोळे मिटून घेतले. हो म्हणायला ह्याहून सोपा प्रश्न दुसरा नव्हता.

"नाही," बाई म्हणाल्या.

मग आवाज फुटला, थोडा घोगरा, शाळेत कुणी कधी न ऐकलेला. "नाही, मी ठीक नाहीये. मी पडलेय. मला उठता येत नाहीये. मला मदत पाहिजे. लवकर या."

केंद्रावरच्या मुलीने पत्ता वाचला. मागची गल्ली, निळं दार, चौथा मजला. बाईंनी "बरोबर" म्हटलं. चाचणी संपली, स्पीकर बंद झाला. फोनताईंनी कागद काढायला खिशात हात घातला.

"झालं, आई," लेक म्हणाली. "ऊठ आता."

"थांब." बाई तशाच पडून होत्या. "तुला एक सांगायचंय, ते इथूनच सांगता येईल मला. मी पडले त्या दिवशी तू साडेअकराला फोन केला होतास."

"हो. रोजच करते."

"मोबाईल माझ्या खिशात होता. मी इथूनच उचलला होता."

लेकीला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने दाराची चौकट धरली. "तू म्हणालीस भाजी निवडतेय."

"हो."

"म्हणालीस मजेत आहे. मला म्हणालीस, तूच जप स्वतःला. आणि तू इथे, ह्या इथे पडली होतीस?"

"हो गं."

लेक खालीच बसली, आईच्या उशाशी, आणि रडायला लागली. नुसती रडली असती तर गोष्ट वेगळी. ती रडता रडता भांडायलाही लागली. "आई, मी आठ तास लांब होते पण फोनवर होते ना! एक शब्द बोलली असतीस तर पाच मिनिटांत शेजारीण दारात उभी केली असती मी. तीन आठवडे सांगितलं नाहीस ते वेगळंच. मला काय हौस आहे तुला तुझ्या खिडकीपासून उपटून न्यायची? तुझं काय चाललंय ते तू कधी खरं सांगतच नाहीस, म्हणून डोळ्यांसमोर हवी होतीस मला!"

"तुला वाटलं असतं, आई म्हातारी झाली."

"झालीच आहेस!"

"झालेच आहे," बाईंनी कबूल केलं, आणि दोघींना हसू आणि रडू एकदम आलं. फोनताईंनी भिंतीकडे तोंड करून खिसे चाचपायला सुरुवात केली. आठही खिसे चाचपून झाले तेव्हा कुठे रुमाल सापडला.

लेकीने नाक पुसलं. "मला तिकडे नाही न्यायचं तुला. पण मग फोनवर खरं सांगायचं. रोज. मंजूर?"

"मंजूर."

"बघू. आत्ता कशी आहेस?"

"मजे..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. चाळीस वर्षांची सवय ती, अशी कशी जाईल? त्यांनी एकदा फोनताईंकडे बघितलं, एकदा लेकीकडे. "कंबर लागलीय," त्या सावकाश म्हणाल्या. "फरशी गार आहे. अंधार पडला की मला हल्ली भीती वाटते. आणि तू उद्या जाशील ह्याचं आत्तापासूनच वाईट वाटतंय."

फोनताईंनी तिथेच भिंतीवर कागद टेकवून सही केली. मग लेकीने एका बाजूने आणि फोनताईंनी दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून बाईंना धरलं, आणि बाईंनी त्यांना उठवू दिलं.